रस्ता दुपारी दोनला बघायला या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. आमच्या फाट्याजवळच्या वळणावर दुचाकी घसरली, नवरा-बायको जखमी, कारण काय, तर चालकाचा गाडीवरील ताबा सुटला. ती गाडी दुसऱ्या दिवशी टेम्पोत घालून माझ्याकडं आली. मी तासगाव तालुक्याच्या पूर्व भागात रस्त्याकडेला दुचाकीचं गॅरेज चालवतो, जोडीला पंक्चर काढतो. गाडी घरकामाची, सव्वाशे सीसीच्या आतली. पुढचा मडगार्ड खोलून बघितला तर आतून डांबराचा लेप आणि त्यात रुतलेली बारीक कच. टायरची नक्षी शाबूत, हवा बरोबर, ब्रेक शू अर्धेसुद्धा झिजलेले नाहीत. आणि पुढच्या टायरच्या उजव्या खांद्यावर, म्हणजे गाडी कलल्यावर जो भाग जमिनीला टेकतो तिथं, डांबराचा चकचकीत पट्टा, वीतभर लांब. बातमीदाराला दोष देत नाही; त्याला जे सांगण्यात आलं ते त्यानं छापलं. पण त्या पट्ट्याबद्दल, म्हणजे उन्हात पाघळून रस्त्यावर वर येणाऱ्या डांबराबद्दल, कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात आलं नाही, म्हणून हे पत्र.

वळण कसं आहे ते आधी सांगतो. वरून उतार येतो, पायथ्याला रस्ता उजवीकडं वळतो आणि लगेच मुख्य रस्त्याला मिळतो. त्यामुळं येणारी प्रत्येक गाडी तिथं ब्रेक दाबते. गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले उसाचे ट्रॅक्टर. ते थांबतात न थांबतात तोवर बेदाण्याचे ट्रक सुरू, आणि द्राक्षबागांना पाणी पुरवणारे टँकर. पारा चाळिशीला टेकला की दुपारी त्या वळणावरचा रस्ता काळाकुळकुळीत दिसायला लागतो, कुणी पाणी मारून गेल्यासारखा. माझ्या दुकानासमोर साइड स्टँडवर लावलेली गाडी, मालकाचा चहा होईपर्यंत कलायला लागते, कारण स्टँडचं टोक डांबरात उतरतं. मी फरशीचे तुकडे ठेवलेत तिथं. नेहमीची गिऱ्हाइकं गाडी थांबवली की खाली न बघता पायानंच तुकडा ओढून स्टँडखाली घेतात. नवख्याची गाडी आडवी झाली की उचलायला आम्ही आहोतच.

एका गुरुजींनी मला विचारलं, "अहो मिस्त्री, डांबर तापलं की चिकट होतं, चिकट झालं की पकड वाढायला पाहिजे. मग गाडी घसरते कशी?" प्रश्न रास्त आहे. टायर त्या डांबराला धरतोच, चांगला धरतो. पण ते डांबर खालच्या खडीला धरून राहत नाही. ओल्या सारवणावर पाय पडला की पाय शेण सोडत नाही, शेणच जमिनीवरून सरकतं, आणि माणूस आपटतो. इथं तेच होतं. सरळ जाताना फारसं कळत नाही. टायरचा चरचर आवाज येतो, गाडी जरा जड ओढल्यासारखी वाटते, एवढंच. गाडी कलली आणि त्यात ब्रेक लागला की सगळा जोर आडवा पडतो, आणि आडव्या जोराला ते पातळ डांबर टिकत नाही.

चांगल्या रस्त्यावर टायरला धरायला काय असतं, तर खडीची टोकं. दुचाकीचं एक चाक जमिनीला टेकतं ते जेमतेम तळहाताएवढं. तेवढ्या जागेत रबर दबून खडीच्या टोकांमध्ये शिरतं आणि धरून बसतं. खडीचा पृष्ठभागही हाताला खरखरीत लागतो, त्याचा वेगळा उपयोग होतो. रस्त्यावर डांबर माजलं, म्हणजे जास्त होऊन वर आलं, की ही टोकंही बुडतात आणि खरखरही बुडते. चारचाकी अशा जागी चार बोटं सरकली तरी चारी पायांवर उभी राहते, आतल्या माणसाला पत्ताही लागत नाही. म्हणूनच हा प्रश्न जीपगाडीतून फिरणाऱ्यांना दिसत नसावा. दुचाकीचं पुढचं चाक एकदा सरकलं की सावरायला वेळच मिळत नाही.

आता एक गोष्ट नीट वाचा, कारण गाडी शिकवताना आपण सगळे पोरांना उलटं सांगतो. ट्रकच्या चाकोरीतून चल, तिथं रस्ता झाडल्यासारखा साफ असतो, कडेला वाळू असते, असं आपण सांगतो. इतर वेळी ते बरोबरच आहे. पण डांबर माजलेल्या रस्त्यावर सगळ्यांत वाईट जागा तीच. अवजड चाकांनी दाबून दाबून डांबर वर आलेलं असतं ते त्या दोन पट्ट्यांत. दोन चाकोऱ्यांच्या मधे आणि कडेला खडी अजून राखाडी दिसते. दुपारी त्या वळणावर उभं राहिलं तर दोन काळे पट्टे आणि मधला राखाडी पट्टा अगदी आखल्यासारखा दिसतो. चालवायचं त्या राखाडीवरून. काळा पट्टा ओलांडायचाच असेल तर गाडी सरळ ठेवून, गॅस न वाढवता आणि ब्रेक न दाबता. वेग त्याच्या आधीच, राखाडी रस्त्यावर असताना कमी करायचा.

ब्रेकवरून आठवलं. २०१९ च्या एप्रिलपासून सव्वाशे सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक आला. मागचा ब्रेक दाबला की थोडा पुढचाही लागतो. सरळ, कोरड्या रस्त्यावर चांगली सोय आहे. पण आमच्याकडची जुनी मंडळी वर्षानुवर्षं मागच्या ब्रेकवर गाडी चालवत आलेली. पायाखाली फक्त मागचं चाक आहे असं समजून ते वळणात ब्रेक दाबतात, आणि पुढचं चाकही आवळलं जातं. मोठ्या गाड्यांना एबीएस असतं, त्यानं चाक जाम व्हायचं थांबतं. पण पकडच शिल्लक नसलेल्या रस्त्यावर कललेली गाडी साधं एबीएस उभी धरू शकत नाही, हे ती गाडी विकताना कुणी सांगत नाही.

आता रस्त्याकडं येतो. तक्रार केली की उत्तर ठरलेलं: "उन्हाळा आहे, डांबर पाघळणारच." माझं म्हणणं एवढंच की ऊन त्या वळणापुरतं पडत नाही. तिथून हाकेच्या अंतरावर, त्याच रस्त्यावर, त्याच ट्रकांखाली, त्याच उन्हात जुना तुकडा आहे. तो राखाडी आहे, स्टँड रुतत नाही, कुणी घसरत नाही. मग फरक उन्हाचा कसा?

माझे एक पाहुणे बरीच वर्षं रस्त्याच्या गँगवर मुकादम होते. त्यांच्याकडून आणि कामावर येणाऱ्या पोरांकडून मला जे कळलं ते असं. आपल्याकडं जोडरस्त्यांना खाली बीबीएम (जाड खडी-डांबराचा थर), वर कारपेट (बारीक खडी-डांबराचा पातळ थर) आणि शेवटी सीलकोट (वरून डांबराचा हात) मारतात. पातळ सीलकोटला दहा चौरस मीटरला साधारण दहा किलो डांबर आणि त्यावर लगेच बारीक कच, लगेच रोलर. डांबर यंत्रानं सारखं फवारलं तर प्रश्न नाही. पण वळणावर, अरुंद जागी, मार्चअखेरच्या घाईत झारीनं ओतलं की एका जागी थारोळं आणि दुसरीकडं कोरडं. त्यात कच कमी पडली की झालं. पुढच्या वर्षी त्याच जागी ठिगळ. ठिगळाखाली पुन्हा डांबर मारायचं, खाली आधीच माजलेलं असलं तरी. अशी आमच्या वळणावर ठिगळावर ठिगळं आहेत. प्लांटमधून येणाऱ्या चांगल्या दाट मालात रोलर फिरल्यावरही शंभरात तीन ते पाच भाग पोकळी राहावी लागते, कारण उन्हात डांबर फुगतं आणि त्याला आत शिरायला जागा लागते. जागा नसली की ते वर येतं. आणि एकदा वर आलेलं डांबर थंडीत परत खाली जात नाही. दर उन्हाळ्यात थोडं थोडं साचतच जातं.

डांबराचा दर्जाही बघायला हवा. भारतीय मानकाप्रमाणं डांबर आता व्हीजी-१०, व्हीजी-३०, व्हीजी-४० अशा प्रतीत येतं आणि त्याचा दाटपणा मोजतात ६० अंश सेल्सिअसला. साठच का? कारण भर उन्हाळ्यात रस्त्याचा पृष्ठभाग तेवढा तापतो, हे धरूनच ती पद्धत ठरवली आहे. त्या तापमानाला व्हीजी-३० ला कमीत कमी जेवढा दाटपणा लागतो तो व्हीजी-१० च्या कमीत कमी दाटपणाच्या तिप्पट आहे, आणि जिथं अवजड गाड्या थांबतात, ब्रेक मारतात तिथं त्याहून कडक व्हीजी-४० आहे. म्हणजे ऊन कागदावर आधीच धरलेलं आहे. मग दरवर्षी एप्रिलमध्ये ऊन नव्यानंच शोधून काढल्यासारखं उत्तर का मिळतं?

रस्त्याच्या कडेला कामाचा फलक असतो, त्यावर दोष दायित्वाचा कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदारानंच दुरुस्त करून द्यायची मुदत, लिहिलेली असते. खड्डा पडला तर तो दोष, हे सगळे मान्य करतात. डांबर वर येऊन रस्ता गुळगुळीत झाला तर मात्र तो दोष धरत नाहीत. उलट पाहणाऱ्याला रस्ता छान वाटतो. काळा, सपाट, खड्डा एकही नाही. एका पुढाऱ्यानं तर त्याचं कौतुक केलेलं मी माझ्या कानानं ऐकलंय.

आणि पाहणी. तक्रारीनंतर साहेब आले होते, नाही म्हणत नाही. सकाळी साडेआठला आले. गाडीतून उतरले, बुटाचं टोक रस्त्यावर आपटून बघितलं. रस्ता दगडासारखा कडक. "कुठं पाघळलंय?" म्हणाले आणि गेले. सकाळी तो कडकच असतो. डेअरीला दूध घालायला जाणारे गवळी सहाला त्याच वळणावरून दोन्ही बाजूंना कॅन अडकवून बिनघोर जातात. तेच दुपारी मोकळे कॅन घेऊन परत येताना पाय खाली सोडून, गाडी ढकलत नेल्यासारखी काढतात. आमची मागणी साधी आहे. पाहणी दुपारी दोन ते चारच्या मधे करा. साहेबांनी चारचाकी लांब उभी करून आमच्यापैकी कुणाच्याही दुचाकीवर मागं बसावं. सावलीला खुर्ची आणि ताक माझ्याकडून.

पाहणी होऊन गेल्यावर ट्रॅक्टरभर मुरूम आणून वळणावर पसरला, तो किस्सा वेगळाच. दोन दिवस धुरळा. डांबरात बसला तो बसला, बाकीचा ट्रकांनी कडेला उडवला. मुरमाचा गोल खडा कडक रस्त्यावर टायरखाली आला की तो गरागरा फिरतो. आधी पोरं डांबरावरून घसरत होती, मग मुरमावरून घसरायला लागली. मातीनं डांबराचं काही होत नाही, वरून लाल दिसतं एवढंच.

याला इलाज आहे आणि तो फार महागही नाही. भारतीय रस्ते काँग्रेसनं डांबरी रस्त्यांच्या देखभालीसाठी आयआरसी:८२ ही नियमावली केलेली आहे आणि डांबर माजलेल्या पृष्ठभागाचा विचार त्यात आहे. थोडं माजलं असेल तर भर दुपारी, डांबर मऊ असतानाच, तापवलेली जाड वाळू किंवा धूळ नसलेली टोकदार बारीक कच पसरायची, रोलर फिरवून आत बसवायची आणि सुटी राहिलेली झाडून न्यायची. गरज पडली तर पुन्हा. हे झाडून न्यायचं काम सगळ्यांत महत्त्वाचं आणि तेच नेमकं राहतं. फारच माजलं असेल, आमच्यासारखं ठिगळावर ठिगळ असेल, तर तो थर खरवडून काढून नव्यानं करावा लागतो. वरून आणखी एक कारपेट टाकलं तर खालचं डांबर त्यातूनही वर येतं. काही लोक म्हणतात, सगळं काँक्रीटच करा. करा की, पण जोडरस्त्याला काँक्रीट यायला किती वर्षं लागतील ते आम्हाला माहीत आहे, आणि वळण तर उद्याही ओलांडायचं आहे.

घाई यासाठी की वळीव तोंडावर आहे. आमच्याकडं मे महिन्यात दुपारी आभाळ भरून येतं आणि अर्ध्या तासात धो धो कोसळून जातं. त्या पावसानं डांबर थंड होऊन कडक होतं, लोकांना वाटतं धोका टळला. पण खडीची टोकं तर बुडालेलीच आहेत. पाणी निघून जायला खाचा नाहीत. वर उन्हाळाभराची धूळ, टँकरमधून सांडलेलं पाणी, ट्रकांचं ऑइल, असा सगळा राबडा. उन्हात चाक सरकायच्या आधी निदान चरचर आवाज तरी येतो. पावसात तोही येत नाही. हे काम वळवाच्या आधी झालं नाही तर माझ्या धंद्याला बरकत आहे. पण लेगगार्ड सरळ करताना मालकाच्या प्लास्टरकडं बघावं लागतं, ते मला आवडत नाही.

गाडीवाल्यांसाठीही चार शब्द. उन्हात टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवायची, हा समज काढून टाका. कमी हवेचा टायर जास्त चेपतो आणि त्यामुळंच जास्त तापतो. शिवाय वळणात गाडी डुलते. कंपनीनं सांगितलेला आकडा गाडीवरच्या स्टिकरवर असतो, सकाळी टायर थंड असताना तेवढी हवा भरा. मागं माणूस बसणार असेल तर वेगळा आकडा असतो, तोही वाचा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २२१९ लिहिलं असेल तर तो २०१९ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी शिल्लक असली तरी उन्हात उभा राहून राहून रबर टणक होतं, आणि टणक रबर खडीच्या टोकांत शिरत नाही. "नक्षी आहे की अजून, कशाला बदलायचा?" म्हणणाऱ्यांना मी नखानं दाबून दाखवतो.

डांबर टायरला लागलं तर लोक सरळ पेट्रोलचा फडका मारतात. नका मारू. पेट्रोल नि रॉकेल रबर खराब करतं, आणि ओघळून ब्रेकवर गेलं तर दुसरंच संकट. लाकडी चिपेनं खरवडा, साबणाच्या कोमट पाण्यानं घासा, आणि राहिलेलं खडबडीत रस्त्यावर सावकाश चालवून झिजू द्या. टाकीवरचे, मडगार्डवरचे ठिपके गोडेतेलानं निघतात, पण ते तेल टायरला आणि डिस्कला लागता कामा नये. अंगाला गरम डांबर चिकटलं असेल तर ओरबाडून काढू नका, त्यावर पेट्रोल तर मुळीच चोळू नका. थंड पाण्याखाली धरा आणि दवाखाना गाठा. त्या बातमीतल्या ताई एका बाजूला पाय सोडून बसल्या होत्या, त्यांचा कोपर रस्त्यावर घासत गेला. जखमेत डांबर होतं आणि जमलेल्यांपैकी एकजण बाटलीत पेट्रोल घेऊनच पुढं आला होता. वेळेवर अडवला.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. दुचाकी घसरल्याची बातमी दुपारची असेल तर ठाण्यात विचारताना एवढं आणखी विचारावं, की रस्ता तिथं काळा होता का राखाडी. मोबाइलवर फोटो काढला तर उत्तमच. आमच्या तालुक्यात अशी आणखी वळणं असणार, जतला, आटपाडीला, पलीकडं माण-खटावलाही असणार. फोटो छापून आले तर निदान आकडा तरी कळेल.

पत्राखाली माझं नाव छापू नये ही विनंती. भ्यायचं काही कारण नाही, पण मुरूम टाकणारा ट्रॅक्टर पंक्चर काढायला माझ्याकडंच येतो, आणि त्याची उधारी अजून बाकी आहे.

आपला,
एक दुचाकी मिस्त्री
ता. तासगाव, जि. सांगली